मशीनचं पाणी कुठे जातं

४ नोव्हेंबर, मंगळवार

मशीन पाणी घेतं आणि ओकतं. घेतं आणि ओकतं. भरायचं नावच नाही! मी समोर स्टूल टाकून बसलेली, आजाऱ्याच्या उशाशी बसावं तशी, आणि मशीन आपलं सुखात. बाथरूमच्या जाळीतून स्वच्छ पाणी भळाभळा चाललंय, आत कपडे मात्र जेमतेम ओले.

जोडून देणारे आले होते त्यांनी मागची नळी ओढली, जाळीजवळ जमिनीवर टाकली आणि म्हणाले, झालं. झालं म्हणे!

अप्पा दारात आले. बघितलं. "हं" म्हणाले आणि गेले. माझ्या सासऱ्यांचा हा आजचा दुसरा शब्द. पहिला सकाळी चहाला — "ठेव."

सासूबाई गेल्या त्याला वर्ष होऊन गेलं. अप्पा एकटे नकोत म्हणून आम्ही दोघं इथे राहायला आलो, थोडे दिवस. ते थोडे दिवस लांबत चाललेत. घर जुनं. अप्पांच्या वडिलांनी बांधलं, अप्पांनी वाढवलं, त्यात कधीतरी बाथरूम आत आलं आणि स्वयंपाकघर मागे गेलं. दिवा एका खोलीत, त्याचं बटण दुसऱ्या खोलीत. पाणी कुठून निघून कुठे जातं ते विचारणार कोणाला? अप्पांना? "हं."

नवऱ्याने एक फ्लॅट बघून ठेवलाय, संध्याकाळी परत त्याचे फोटो दाखवले. भरपूर ऊन, आणि मशीनसाठी वेगळी जागा. मशीनसाठी वेगळा पाइप! मी त्या पाइपाकडे इतका वेळ बघत बसले की नवरा म्हणाला, "लग्नाआधी माझ्याकडे कधी अशी बघितली नाहीस."

तर ठरलं. महिनाअखेरपर्यंत मशीन या घरात नीट चाललं तर राहायचं. नाही चाललं तर फ्लॅट. अप्पांना इतक्यात सांगायचं नाही.

आणि हे फक्त इथे लिहिते — चालू नये असंच वाटतंय मला. या घरात माझा जीव रमत नाही. जेवताना तिघांच्या चमच्यांचे आवाज तेवढे ऐकू येतात.

५ नोव्हेंबर, बुधवार

कळलं! आज दवाखान्यात कळलं!

मी दातांच्या दवाखान्यात कामाला. डॉक्टरीणबाईंच्या शेजारी उभं राहायचं, पेशंटच्या तोंडातलं पाणी नळीने ओढायचं, हत्यारं द्यायची. बाहेर बसायच्या जागेत माशांची पेटी आहे. तिचं पाणी बदलायला माणूस आला होता. त्याने नळीचं एक टोक पेटीत टाकलं, दुसरं खाली बादलीत. एकदा पाणी सुरू झालं की संपेपर्यंत थांबेना, पंप नाही काही नाही. मग त्याने नुसतं खालचं टोक उचलून पेटीच्या वर धरलं. बंद!

मी "अरे देवा, टोक खाली आहे!" असं मोठ्याने म्हणाले. खुर्चीतल्या आजोबांना वाटलं त्यांच्या दाताचं काहीतरी झालं. पांढरेफटक पडले बिचारे.

म्हणजे आमच्या मशीनची नळी जमिनीवर पडलेली. मशीन वरून भरतंय, पाणी स्वतःच्या वजनाने खालून पळतंय. ते बिचारं ओकत नव्हतंच, त्याला गळती लावून ठेवली होती आपण. घरी आल्या आल्या नळीचं टोक कमरेच्या वर एका खिळ्याला टांगलं. भरलं! काचेला पाणी लागलं, कपडे फिरायला लागले. मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

आपल्याला ते चालायला नकोय हे मला नंतर आठवलं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

भरतंय हे खरं. पण मग ते सगळं पाणी टाकायचं कुठे? काल नळी बादलीत धरून बसले होते. आज जरा डोकं चालवलं. मशीनच्या मागे भिंतीतून एक जुना लोखंडी पाइप वर आलाय, तोंड उघडं. पूर्वी तिथे हात धुवायचं भांडं होतं म्हणे. त्यात नळी खुपसली, फडकं गुंडाळून घट्ट केली. स्वतःवर खूश होऊन चहा ठेवायला गेले.

तर स्वयंपाकघराच्या सिंकमधून फेस वर यायला लागला! सिंकमधून! मशीन तिकडे, फेस इकडे. आधी गुडगुड झालं, मग एक बुडबुडा, मग मेंढरासारखा पांढरा ढीग. मी ओरडले. अप्पा आले. आणि अप्पा बोलले —

"तो पाइप भिंतीतून वळून सिंकच्या पाइपाला मिळतो. आतून बारीक आहे. एका भांड्याच्या पाण्यापुरता टाकलेला. तुझं यंत्र बादल्याच्या बादल्या एकदम ढकलतं, तो तरी काय करेल."

मी हातात चमचा घेऊन बघतच राहिले. एका दमात इतकी वाक्यं! रात्री नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "काहीतरीच. अप्पा?"

८ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी उठून बघते तर मधल्या बोळातली भिंत खडूने रंगलेली. अप्पा शाळेत चित्रकला शिकवायचे. स्टुलावर उभे राहून त्यांनी अख्खं घर काढलंय — कापलेल्या फळासारखं, आतलं सगळं दिसेल असं. सिंक, बाथरूम, मशीन, मशीनच्या गोल काचेत माझा चेहरा. नाक जरा मोठं काढलंय. ते चेहऱ्याला शोभतं असं म्हणाले. पाइप मात्र अर्धेच. पुढे प्रश्नचिन्हं.

"इथपर्यंत मला माहीत आहे. पुढचं वडिलांना माहीत होतं."

त्यावरून बापलेकांचं वाजलं. नवरा म्हणतो बाथरूमचं पाणी डावीकडून जातं, अप्पा म्हणतात उजवीकडून. नवरा म्हणाला, "मी लहानपणी त्या जाळीत मोटार टाकली होती, ती डावीकडे गेली." अप्पा म्हणाले, "ती अजून तिथेच असेल, म्हणून तुंबतंय." मी दोघांना चहा दिला. दोघांनी तो भिंतीकडे बघतच प्यायला.

मग अप्पा म्हणाले, "उद्या रंग टाकू." म्हणजे काय ते सांगेनात. मिशीत हसले फक्त. त्यांना हसताना मी पहिल्यांदा बघितलं, दात छान आहेत. माझा धंदाच तो, माझं लक्ष आधी दातांकडे जातं.

९ नोव्हेंबर, रविवार

हसून हसून पोट दुखतंय, अक्षर वेडंवाकडं येतंय, येऊ दे.

रंग म्हणजे रंगच. अप्पांनी त्यांच्या जुन्या पेटीतून रंग काढले आणि बादल्यांत कालवले. निळा सिंकमध्ये, तांबडा बाथरूमच्या जाळीत, पिवळा मशीनच्या पाइपात. मागच्या अंगणात एक चेंबर आहे, त्याचं झाकण उघडून नवऱ्याला पालथं झोपवलं. कुठल्या तोंडातून कुठला रंग येतो ते त्याने ओरडून सांगायचं. मी सिंकपाशी. अप्पा मध्ये बोळात खडू घेऊन, सेनापती.

"सोड!"

सोडला. शांतता. मग अंगणातून — "निळा! उजवीकडच्या तोंडातून निळा!" अप्पांनी रेघ मारली. पिवळा सोडला — "आला! त्याच तोंडातून!" रेघ. तांबडा सोडला — "डावीकडून! मी म्हणालो होतो डावीकडून!" अप्पांनी इतक्या नाइलाजाने ती रेघ मारली की खडू मोडला.

तेवढ्यात शेजारच्या काकू कुंपणावरून — "अहो, आमच्या गटारातून जांभळं पाणी चाललंय, तुमच्याकडे सगळे बरे आहेत ना?" पालथा पडलेला नवरा त्यांना खालूनच म्हणाला, "आम्ही एकदम मजेत, काकू." त्या अजून घाबरल्या.

मोठं कोडं सुटलं. सिंक आणि मशीन एकाच बारीक पाइपावर. बाथरूमचा पाइप वेगळा आणि चांगला रुंद. मशीनची लाइन त्या रुंद पाइपाला जोडली की झालं!

आता दुसरी बातमी. पिवळा टाकताना मशीनची नळी कोणीच वर काढली नव्हती. ती पाइपात बूच मारल्यासारखी घट्ट, हवेला फट म्हणून नाही. सिंकमधला निळा आणि हा पिवळा त्या बारीक पाइपात तुंबले आणि उलटे नळीतून मशीनमध्ये चढले. आणि मशीनमध्ये नवऱ्याचे ऑफिसचे सगळे पांढरे शर्ट भिजत घातलेले!

हिरवे झाले. सगळे सारखे नाहीत — एक पोपटी, एक शेवाळी, एकाला फक्त पाठीवर नकाशा.

अप्पा शर्ट उजेडात धरून म्हणाले, "वॉश छान बसलाय, जलरंगात बसतो तसा." त्यावर नवरा जो हसायला लागला तो भिंतीला टेकून खाली बसला. आम्ही तिघं बोळात जमिनीवर बसून हसलो. नाकातून पाणी येईपर्यंत.

१० नोव्हेंबर, सोमवार

नवरा पोपटी शर्टात ऑफिसला गेला. दोघांनी विचारलं कुठे घेतला.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आमचा प्लंबर अखेर उगवला. त्याचं नाव आम्ही 'उद्यावाला' ठेवलंय, फोन केला की "उद्या" म्हणतो म्हणून. त्याने मशीनसाठी नवा उभा पाइप बसवला, कमरेच्या वर तोंड, आणि बाथरूमच्या रुंद लाइनला जोडला. खाली पाइपाला वाक दिला. नळी आत सैल ठेवायची, घट्ट नाही. ते तर आम्ही शर्टांची किंमत देऊन शिकलोय.

मग तो गेल्यावर मी उत्साहाने सिंकखालचा वाकडा पाइप उघडला. काय काय निघालं त्यातून! चमचा. बटण. सासूबाईंच्या कानातलं! अप्पांनी ते रुमालाने पुसलं, खिशात ठेवलं. थोड्या वेळाने म्हणाले, "तिने सगळं घर शोधलं होतं. मला म्हणाली, तुम्हीच हरवलंत."

तो वाक मी आतून लख्ख घासला, कोरडा पुसला, बसवला. आणि वर पाणी न ओतता फिरायला निघून गेले. शहाणी ना मी. परत आले तर घरात असा वास की जेवण अंगणात करावं लागलं! अप्पांनी जेवता जेवता समजावलं — त्या वाकड्या पाइपात पाणी साचलेलं असतं ते घाण नव्हे, तो पहारेकरी. खालची हवा वर येऊ देत नाही. मी त्यालाच पुसून घराबाहेर काढला होता. एक तांब्या पाणी ओतलं, वास बंद.

अंगणात जेवायला मजा आली. काकूंनी कुंपणावरून विचारलं, आज काही विशेष आहे का. नवरा म्हणाला, "आज घराला दुर्गंधी आहे, या ना." काकू आत गेल्या.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

दवाखान्यात मी पेशंटांना पाइपांबद्दल सांगत सुटलेय. त्यांचं तोंड उघडं, आत माझी नळी, उत्तर देता येत नाही. असे ऐकणारे घरी कुठे मिळतात! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तू आज त्या बाईंना भूल चढायच्या आधीच झोपवलंस."

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

नवा पाइप, रुंद लाइन, सगळं रीतसर — आणि तरी मशीनने पाणी सोडलं की आधी पाइपात ढुक ढुक ढुक, मग बाथरूमची जाळी उचकी देते, मग उभ्या पाइपाच्या तोंडातून पाणी वर. निम्मं जातं, निम्मं माझ्या पायावर.

जेवताना अप्पांनी पाण्याची बाटली उचलली आणि ताटाशेजारच्या भांड्यात उलटी धरली. ढुक ढुक ढुक. म्हणाले, "ऐक. हाच आवाज." मग दुसऱ्या जुन्या प्लास्टिकच्या बाटलीच्या बुडाला सुईने भोक पाडलं, अंगठ्याने दाबलं, उलटी केली. ढुक ढुक. अंगठा काढला. सर्रकन गेलं पाणी, आवाज नाही!

"पाणी खाली जायचं तर मागून हवा आत यायला हवी. या घराला श्वास घ्यायला कुठे आहे?"

आम्ही तिघं एकमेकांकडे बघायला लागलो. मग अप्पा घास हातात तसाच धरून उठले. "गच्ची," म्हणाले.

गच्चीवर छातीइतका उंच एक लोखंडी पाइप उभा आहे. खालच्या पाइपांना हवा तिथून मिळते म्हणे; मी इतके दिवस त्याला कपड्यांच्या दोरीचा खांब समजत होते. सासूबाईंनी दोरी बांधलेली, मीही त्यावरच टॉवेल टाकते. अंधार झाला होता, काही दिसेना. अप्पांना तर आत्ताच हात घालायचा होता. मीच हाताला धरून खाली आणलं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

निघालं! सगळं निघालं!

पाइपाचं तोंड काड्यांनी गच्च. कुठल्यातरी पक्ष्याने संसार थाटला होता कधीकाळी. नवऱ्याने तारेचा आकडा करून ओढलं — काड्या, पिसं, दोऱ्याचा गुंता, आणि सगळ्यात खाली बॅडमिंटनचं फूल. नवरा ते हातात घेऊन नाचला. "माझं! हे माझं! दादाने मला मारलं होतं याच्यासाठी!" लगेच थोरल्या दिरांना फोन. दीर दुसऱ्या देशात झोपलेले. त्यांना उठवून फूल दाखवलं.

वरून पाइपात बादलीभर पाणी ओतलं, खाली मोकळं गेलं. मग मशीन लावलं. आम्ही तिघं समोर स्टुलं मांडून बसलो. पाणी सोडायची वेळ आली तशी अप्पांनी माझा हात धरला. सर्रकन! ढुक नाही, उचकी नाही, एक थेंब वर नाही. शेवटी कपडे पिळायला मशीन गरगरायला लागलं तेव्हा अप्पा म्हणाले, "तुझी सासू म्हणायची, या घराला ढेकर येतात. मी म्हणायचो, तुझ्या हातचं जेवून येतात." आणि हसले. आणि मग डोळे पुसले. आणि परत हसले.

आज मला इतकं हलकं वाटतंय. मी कशासाठी या मशीनच्या मागे लागले होते तेच विसरले होते. जेवण झाल्यावर आठवलं — म्हणजे आता राहायचं!

आणि मला आनंद झाला. मला!

१७ नोव्हेंबर, सोमवार

चालतंय. पडदे धुतले. धुवायचं काही उरलं नाही म्हणून उशांचे अभ्रे दुसऱ्यांदा धुतले.

१९ नोव्हेंबर, बुधवार

घर कसं शांत शांत झालंय. नवरा ऑफिसचं काम घेऊन बसतो, मी मोबाइल घेऊन. अप्पा जेवून लवकर खोलीत जातात. आज बोळात नकाशासमोर नुसतेच उभे होते. मी विचारलं, "पुसू का भिंत?"

"राहू दे," म्हणाले. सकाळी चहा दिला तर — "ठेव."

नवरा म्हणाला फ्लॅटवाल्याला महिनाअखेरपर्यंत वेळ दिलाय, तेवढा जाऊ दे, मग नाही म्हणून सांगू. बरं म्हटलं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

परत! ढुक ढुक, उचकी, आणि पाणी पायावर!

मी रडकुंडीला आले. पण अप्पा काय तरतरीत! हाक मारायच्या आत हजर, खिशात खडू. "मी म्हणतच होतो, हे इतक्यात सुटायचं नाही. जुनं घर आहे." मी म्हटलं आधी गच्चीवर बघू. म्हणाले, "वर मी सकाळीच बघून आलो. वर साफ आहे. दोष खाली आहे."

मग संध्याकाळभर खाली शोधलं. जाळी उघडली, वाक उघडला, परत पाणी भरलं (मी विसरले नाही). काही सापडलं नाही. पण अप्पांनी त्यांच्या वडिलांची गोष्ट सांगितली — मिस्त्रीशी भांडून त्यांनी स्वतः बाथरूमला उतार दिला, तो उलटा दिला, आणि वर्षभर सगळं घर खराट्याने पाणी ढकलत होतं. नवऱ्याने ही गोष्ट कधी ऐकली नव्हती. चहा परत परत झाला.

२३ नोव्हेंबर, रविवार

आज सकाळी आपोआप सुटलं. काही न करता! मी विचारलं असं कसं. अप्पा म्हणाले, "होतं कधी कधी." मग सगळे कपडे धुऊन घेतले. उगाच नको.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

परत तुंबलं.

उद्यावाला आज चक्क आजच आला. टॉर्च मारला, कान लावला, डोकं हलवलं. "सगळी लाइन उखडावी लागेल. बाथरूम फोडा, बोळ फोडा." नवऱ्याचा चेहरा उतरला. अप्पा उद्यावाल्याला म्हणाले, "फोडायचं काही कारण नाही. आम्ही शोधतोय." मग म्हणाले, "सावकाश."

२६ नोव्हेंबर, बुधवार

नवरा वैतागलाय. चूक त्याची नाही. सकाळी ऑफिसच्या आधी बादल्या उपसतो, पोपटी शर्टाच्या बाह्या वर करून. म्हणाला, "कुठेतरी पाणी मुरतंय. सुटतं काय, तुंबतं काय. मला हे रोज जमायचं नाही." मग आवाज खाली आणून, "रविवारी त्या फ्लॅटवाल्याला काय ते सांगायचंय. तू ठरव. तू म्हणशील तसं. पण ठरलं होतं काय ते आठव."

आठवतंय. मीच ठरवलं होतं. तेव्हा मला जायचं होतं.

आता मला जायचं नाही. मोठ्या अक्षरात लिहून ठेवते. मला जायचं नाही. त्या फ्लॅटच्या सरळ भिंतींवर कोण काय काढणार! तिथला पाइप कुठे जातो हे कोणालाच माहीत नसेल आणि कोणाला विचारावंसंही वाटणार नाही.

पण ठरलंय ते ठरलंय. आणि बादल्या मीही उपसतेय, पाठ धरलीय.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

अप्पांनी नकाशात अंगण वाढवलं. चेंबरच्या पुढे एक मोठा चौकोनी दगड आहे, त्याखाली काय आहे कोणालाच माहीत नाही. "येत्या रविवारी तो दगड उचलू. मग त्याच्या पुढच्या रविवारी कुंपणापर्यंत जाऊ. काकूंची परवानगी काढावी लागेल. त्यांच्याकडून पुढे रस्त्यापर्यंत बघायला उन्हाळा लागेल." इतक्या आनंदात सांगत होते.

उन्हाळा! सांगून टाकावं वाटलं — अप्पा, रविवारी आम्ही फ्लॅट घेतोय. तोंडापर्यंत आलं. त्यांनी खडूने काकूंचं घर काढलं, खिडकीत घाबरलेल्या काकू काढल्या, मला विचारलं, "जमल्या का?"

"अगदी," म्हटलं. आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. पाणी तुंबलं म्हणून तेही धड करता येईना. नळ बंद करून रडले.

३० नोव्हेंबर, रविवार

हाताने धुतलेले टॉवेल घेऊन गच्चीवर गेले. दोरीवर टाकता टाकता सहज पाइपात डोकावले.

आत फडकं. अप्पांचं ब्रश पुसायचं — निळे, तांबडे, पिवळे डाग, ते करतात तशी चारी टोकं जुळवून घडी. काढायला सोपं जावं म्हणून एक टोक बाहेर ठेवलेलं.

म्हणजे अप्पांचं 'वर साफ आहे' ते असं! मग तिथूनच फ्लॅटवाल्याला फोन केला, नको म्हणून सांगितलं. नवऱ्याला जेवताना सांगेन. मशीन लावायचं असेल तेव्हा हे काढायचं, धुणं झालं की परत घालायचं. त्यात काय मोठंसं.

फडकं होतं तसं बसवलं, टोक बाहेर ठेवून. आणि जिन्यावरून हाक मारली — "अप्पा, खडू घेऊन या. दगड उचलायचाय ना आज?"